स्वॅगर लावलंय, तरी बॅकएंड बदललं की फ्रंटएंड तुटतं. एपीआयची व्याख्या आणि फ्रंटएंडचा कोड जुळता कसा ठेवायचा?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की बॅकएंड स्प्रिंग बूटमध्ये, फ्रंटएंड रिअ‍ॅक्ट आणि टाइपस्क्रिप्टमध्ये, रेपो दोन, माणसं सहा. स्वॅगरचं पान (एपीआयची आपोआप बनणारी माहिती) चालू आहे, तरी दर दोन आठवड्यांनी काहीतरी फुटतं, तेव्हा "कोणतं टूल चांगलं?" टूलची नावं पुढे येतीलच. पण "स्वॅगर लावलंय" हे वाचून राहवलं नाही, म्हणून आधी त्याबद्दल.

स्वॅगरचं पान लग्नपत्रिकेवरच्या "आमच्या येथे श्रीकृपेकरून"सारखं असतं. छापलेलं असतंच, वाचत कोणी नाही. स्पेक फाइल, म्हणजे ते पान जिच्यावरून बनतं ती एपीआयची व्याख्या, बदलल्यावर फ्रंटएंडचं बिल्ड आपोआप पडत नसेल, तर ती फाइल असून नसून सारखीच. आणि फ्रंटएंडमध्ये हातानं लिहिलेली टाइप्सची फाइल असेल, तर तुमच्याकडे एकाच गोष्टीच्या दोन प्रती आहेत. त्या वेगळ्या होणारच, कोणी कितीही काळजी घेतली तरी. रिस्पॉन्सवर जेसन() बोलवलं की टाइपस्क्रिप्टला "एनी" मिळतो, म्हणजे "काहीही चालेल" असा टाइप. त्यापुढे "अ‍ॅज ऑर्डर" लिहिणं म्हणजे कंपायलरला मारलेली थाप. बॅकएंडनं उद्या काहीही पाठवलं तरी तो मान डोलावणार, कारण ब्राउझरपर्यंत टाइप पोचतच नाहीत.

मग लोक सांगतात, "टाइप जनरेट करा." बरोबर आहे, पण अर्धंच. जनरेट करूनही काय होतं ते सांगतो.

आमच्या एका प्रकल्पात सगळं पुस्तकाप्रमाणे होतं. स्पेक स्प्रिंगडॉकमधून (जावाच्या कोडवरून स्पेक काढणारी लायब्ररी) आपोआप, क्लायंट (फ्रंटएंडमधून एपीआय बोलावणारा कोड) ओपनएपीआय जनरेटरच्या टाइपस्क्रिप्ट-अ‍ॅक्सिऑस साच्यातून आपोआप, हातानं लिहिलेली ओळ एकही नाही. तरी ऑर्डर भरायच्या स्क्रीनवर ग्राहकांच्या ड्रॉपडाउनमध्ये पुरवठादारांची नावं दिसायला लागली. बिल्ड हिरवं, टेस्ट हिरव्या, कन्सोलमध्ये एरर नाही. वर ऑर्डर सेव्हही होत होती, कारण दोन्ही टेबलांत आयडी 1 पासून सुरू होणारे. 42 नंबरचा पुरवठादार निवडला तर 42 नंबरच्या ग्राहकाच्या नावानं ऑर्डर पडायची. फॉरेन कीला तक्रार करायला जागाच नव्हती.

कारण असं. स्पेकमधल्या प्रत्येक एपीआयचा ऑपरेशन-आयडी अख्ख्या फाइलीत एकमेव असावा लागतो. तुम्ही तो दिला नाही तर स्प्रिंगडॉक जावातल्या मेथडचं नाव उचलतं. आमच्याकडे प्रत्येक कंट्रोलरमध्ये मेथडचं नाव "लिस्ट". मग पहिल्याला लिस्ट, दुसऱ्याला लिस्ट_1, तिसऱ्याला लिस्ट_2. कोणाला कोणता आकडा मिळणार हे कंट्रोलर कोणत्या क्रमानं वाचले गेले यावर ठरतं. मध्येच एक नवा कंट्रोलर आला आणि आकडे एकेक घर सरकले. फ्रंटएंडचा कोड ग्राहकांसाठी लिस्ट2() बोलवत होता. क्लायंट नव्यानं जनरेट झाला तेव्हा लिस्ट2() पुरवठादारांचा झाला होता.

इथे जाणकार विचारतील की स्पेकमधल्या टॅगप्रमाणे क्लायंटचे क्लास वेगळे होतात, मग नाव सापडलंच नाही म्हणून कंपायलर ओरडायला हवा होता. हवाच होता. पण स्वॅगरच्या पानावर सगळे एकत्र, नीटनेटके दिसावेत म्हणून या सगळ्या कंट्रोलरवर "मास्टर" हा एकच टॅग लावलेला होता. त्यामुळे क्लास एक आणि त्यात लिस्ट, लिस्ट1, लिस्ट2, लिस्ट3. न वाचल्या जाणाऱ्या पानाच्या शोभेसाठी केलेला उद्योग असा अंगाशी आला.

मग निदान टाइप तरी जुळायला नको होते. तेही जुळले. टाइपस्क्रिप्ट नाव बघत नाही, आकार बघतं. स्प्रिंगडॉक फील्डला "रिक्वायर्ड" म्हणतं ते @नॉटनलसारखं काही लावलेलं असेल तर, आणि रिस्पॉन्सच्या क्लासवर व्हॅलिडेशन कोणी लावत नाही. त्यामुळे स्पेकमध्ये सगळी फील्ड ऐच्छिक आणि टाइपमध्ये प्रत्येक फील्डपुढे प्रश्नचिन्ह. सगळीच फील्ड ऐच्छिक असली की एखादं फील्ड सामाईक असलं तरी टाइपस्क्रिप्ट एका टाइपच्या जागी दुसरा चालवून घेतं. ग्राहक आणि पुरवठादार दोघांनाही आयडी, नाव आणि चालू-बंदचा झेंडा होताच. टेस्टमध्ये लिस्ट2() हेच मॉक केलेलं, म्हणजे खऱ्या एपीआयच्या जागी ठरलेलं खोटं उत्तर, आणि मॉक इमानेइतबारे ग्राहक परत देत होता.

यावर "ऑपरेशन-आयडी द्यायला विसरू नका" असं टीमच्या ग्रुपवर टाकणं हा उपाय नव्हे. माणसं विसरणार. स्पेक्ट्रल नावाचा लिंटर स्पेक फाइल तपासतो. त्यात ऑपरेशन-आयडी एकमेव आहे का बघणारा नियम तयार मिळतो, पण इथे त्याचा उपयोग शून्य, कारण _1, _2 लागल्यावर ते एकमेव झालेलेच असतात! स्वतःचा नियम लिहावा लागतो: पॅटर्न फंक्शनमध्ये नॉट-मॅच वापरून, शेवटी अंडरस्कोर आणि आकडा असलेला प्रत्येक आयडी नापास. पाच-सात ओळींचं काम आहे.

त्याहून चांगला उपाय म्हणजे नावावर अवलंबून राहणंच सोडा. ओपनएपीआय-टाइपस्क्रिप्ट आणि त्याच घरचं ओपनएपीआय-फेच ही जोडी घ्या. पहिलं स्पेकमधून फक्त एक .डी.टीएस फाइल (नुसते टाइप असलेली) बनवतं; दुसरं हा फेचवरचा पातळ थर आहे, ज्यात तुम्ही मेथड आणि पाथ लिहिता: गेट, "/कस्टमर्स". पाथ चुकला तर कंपाइल होत नाही, आणि पाथला _1 लागत नाही. रिअ‍ॅक्ट क्वेरीचे हुक, मॉक वगैरे तयार हवे असतील तर ऑर्व्हल चांगलं आहे, पण ते पुन्हा ऑपरेशन-आयडीवरून नावं बनवतं. तेव्हा वरचा नियम लावल्याशिवाय त्याच्या नादी लागू नका.

आता "रिक्वायर्ड"चं. माझ्या मते तुमच्या निम्म्या तक्रारींचं मूळ इथेच निघेल. रिक्वायर्ड म्हणजे की हजर असणार. नलेबल म्हणजे तिची किंमत नल असू शकते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेक बॅकएंडवाले त्यांची खिचडी करतात. सगळंच ऐच्छिक आलं की फ्रंटएंडवाला कंटाळून प्रत्येक ठिकाणी उद्गारचिन्ह ("हे रिकामं नाही" अशी कंपायलरला दिलेली हमी) ठोकतो, आणि मग जनरेट केलेला टाइप आणि "एनी" यांत फरक उरत नाही. रिक्वेस्टचे आणि रिस्पॉन्सचे क्लास वेगळे ठेवा. स्प्रिंगडॉकचा ओपनएपीआय-कस्टमायझर बीन लिहा, जो "रिस्पॉन्स"नं संपणाऱ्या प्रत्येक स्कीमाची सगळी फील्ड रिक्वायर्ड करून टाकेल. जे नल येऊ शकतं त्यावर @स्कीमा(नलेबल = ट्रू) हातानं लावा. आणि जॅक्सनला (जावातून जेसन बनवणारी लायब्ररी) नॉन_नल सांगून नल फील्ड गाळायची सवय असेल तर ती बंद करा. नाहीतर स्पेक म्हणते फील्ड आहे, वायरवर ते नाही, आणि फ्रंटएंडचं "=== नल" कधीच खरं होत नाही, कारण तिथे अनडिफाइन्ड बसलेलं असतं.

नलेबलमध्येही एक खड्डा आहे. ओपनएपीआय 3.0 मध्ये (2017) $रेफच्या शेजारी लिहिलेलं काहीही दुर्लक्षिलं जातं. म्हणजे "पत्ता" हे फील्ड दुसऱ्या स्कीमाकडे बोट दाखवत असेल आणि शेजारी नलेबल लिहिलं असेल, तर ते वाया. टाइपमध्ये पत्ता कायम हजर, प्रॉडक्शनवर नल. 3.0 वरच राहायचं असेल तर $रेफ ऑल-ऑफमध्ये गुंडाळून त्याच्या बाहेर नलेबल लिहावं लागतं. 3.1 (2021) मध्ये नलेबल हा शब्दच काढून टाकला, टाइपच्या यादीत नल लिहितात. तुमची स्पेक कोणत्या आवृत्तीची निघते ते तिच्या पहिल्या ओळीत बघा आणि जनरेटरला ती आवृत्ती नीट कळते याची एका नलेबल फील्डवर खात्री करून घ्या. नुसतं बिल्ड हिरवं झालं म्हणून विश्वास ठेवू नका.

लाँग आयडीचं एका परिच्छेदात उरकतो. जावातला लाँग स्पेकमध्ये इंट64 होतो आणि टाइपस्क्रिप्टमध्ये नंबर. जावास्क्रिप्टचा नंबर 9007199254740991 पर्यंतच पूर्णांक बिनचूक धरतो. 9007199254740993 पाठवलात तर जेसन पार्स होतानाच तो 9007199254740992 होतो, शांतपणे. आयडी 1, 2, 3 असे वाढत असतील तर आयुष्यभर काही होणार नाही. स्नोफ्लेक पद्धतीचे लांबलचक आयडी असतील तर ते स्ट्रिंग म्हणूनच पाठवा. मात्र सीरियलायझर बदलला म्हणून स्पेक आपोआप बदलेल या भरवशावर राहू नका. @स्कीमामध्ये टाइप स्ट्रिंग आहे असं स्पष्ट लिहा. रकमांनाही हाच न्याय: एकतर रुपयांऐवजी पैशांत मोजलेला पूर्णांक, नाहीतर स्ट्रिंग.

आता दोन रेपो आणि सहा माणसं धरून कामाचा प्रवाह. (नावं आणि कमांड देवनागरीत लिहितोय, उच्चारावरून ओळखाल.)

बॅकएंडमध्ये एक टेस्ट लिहा, जी मॉकएमव्हीसीनं (सर्व्हर न चालवता एपीआय तपासायचं स्प्रिंगचं साधन) /व्ही3/एपीआय-डॉक्स बोलावते आणि उत्तर ओपनएपीआय.जेसनमध्ये लिहिते. ही फाइल बॅकएंडच्या गिटमध्ये जाते. स्प्रिंगडॉकची रायटर-विथ-ऑर्डर-बाय-कीज ही सेटिंग चालू करा, म्हणजे क्रम दरवेळी सारखा राहील; नाहीतर डिफमध्ये दोनशे ओळी हलतील आणि बदल एकच असेल. सर्व्हरचा पत्ताही ठरावीक लिहून टाका, नाहीतर कोणाच्या मशीनवर कुठला पोर्ट यावरून डिफ येत राहतात. पाइपलाइनमध्ये टेस्ट चालल्यावर गिट डिफ --एक्झिट-कोड. फाइल बदलली पण कमिट केली नाही, तर बिल्ड लाल.

त्याच पुल रिक्वेस्टवर ओएएसडिफ (दोन स्पेकमधले तोडणारे बदल शोधणारं टूल) चालवा, मेन ब्रँचची स्पेक विरुद्ध या ब्रँचची: ओएएसडिफ ब्रेकिंग, मग दोन फाइली, मग --फेल-ऑन. त्यात ईआरआर देऊ नका, वॉर्न द्या. रिस्पॉन्समधलं रिक्वायर्ड फील्ड काढणं हा त्याच्या लेखी एरर आहे, पण ऐच्छिक फील्ड काढणं हा फक्त इशारा. म्हणजे वरचं रिक्वायर्डचं काम केलं नसेल तर अख्खा रिस्पॉन्स रिकामा केलात तरी ईआरआर पातळीवर तो गप्प. एनममध्ये (ठरावीक किमतींची यादी) रिस्पॉन्सच्या बाजूनं नवी किंमत येणं हाही इशाराच, आणि फ्रंटएंड पांढरं पडण्याचं ते हमखास कारण: ऑर्डरची नवी अवस्था आली, रंगांच्या तक्त्यात ती नाही, अनडिफाइन्डवर .कलर वाचलं, एरर बाउंडरी नाही, पान कोरं. अशा तक्त्याला नेहमी एक "इतर"चं घर ठेवा.

बॅकएंडचं मर्ज झालं की पाइपलाइननं फ्रंटएंड रेपोत आपोआप पुल रिक्वेस्ट उघडायची: नवी ओपनएपीआय.जेसन आणि तिच्यातून बनलेली स्कीमा.डी.टीएस. त्या पुल रिक्वेस्टवर टीएससी --नोएमिट (नुसते टाइप तपासणारी कमांड) लाल झालं तर ती एररची यादी म्हणजेच फ्रंटएंडवाल्याची कामाची यादी. बैठक नको, "अरे, ते फील्ड बदललंय बरं का" नको. जनरेटरची आवृत्ती पॅकेज.जेसनमध्ये टोपीचिन्हाशिवाय (^), नेमकी लिहा. जनरेटर स्वतः बदलला की त्याचाही डिफ येतो आणि दोन बदल एकमेकांत मिसळतात. टेस्टमधले मॉक हातानं लिहिणारच असाल तर त्यांना जनरेट केलेला टाइप लावा, "अ‍ॅज"नं नव्हे, सॅटिस्फाइजनं. ते टाइपस्क्रिप्ट 4.9 पासून आहे.

एवढं करूनही बॅकएंड स्पेकप्रमाणे वागतंय हे सिद्ध होत नाही. स्पेक जावाच्या क्लासवरून निघते, आणि एक्सेप्शन हँडलरमधून भलतंच जेसन बाहेर पडू शकतं. अ‍ॅटलासियनचं स्वॅगर-रिक्वेस्ट-व्हॅलिडेटर मॉकएमव्हीसीला जोडता येतं. चालू टेस्टमधला प्रत्येक रिस्पॉन्स तो स्पेकशी ताडून बघतो. स्टेजिंगवर स्केमाथेसिस सोडलंत तर ते स्पेक वाचून वेडेवाकडे इनपुट मारतं आणि न लिहिलेले 500 बाहेर काढतं. सुरुवात पहिल्यानं करा. दुसरं पहिल्याच दिवशी इतकं सापडवतं की टीम ते बंद करून टाकते.

डिप्लॉयचा क्रम थोडक्यात. रेपोत सगळं जुळलं तरी एखाद्या ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये परवापासून उघडी टॅब असते आणि तिच्यात जुना कोड चालू असतो. म्हणून नाव बदलायचं तर आधी नवं फील्ड जुन्याच्या सोबत द्या, जुन्यावर डेप्रिकेटेड लावा (टाइपमध्ये ते उतरतं आणि एडिटर त्यावर काट मारून दाखवतो), फ्रंटएंड हलवा, आणि जुनं फील्ड निदान दोन रिलीजनंतर काढा. मोबाइल अ‍ॅप असेल तर दोन रिलीज पुरत नाहीत. लोक अपडेट करत नाहीत.

उशिरा सांगतोय, पण हे सगळं प्रत्येकाला लागू नाही. तीन-चार एपीआय असतील तर हातानं लिहा, कोणी मरत नाही. दोन्ही बाजू टाइपस्क्रिप्टमध्ये आणि एकाच रेपोत असतील तर टीआरपीसी बघा, मधली फाइलच नको. पेमेंट गेटवेसारखा एपीआय दुसऱ्याचा असेल तर त्यांच्या स्पेकवर विसंबू नका, सीमेवर झॉडनं (आलेल्या डेटाचा आकार तपासणारी लायब्ररी) रनटाइमला तपासा. स्वतःच्या बॅकएंडच्या प्रत्येक रिस्पॉन्सवर मात्र झॉड लावणं मला पटत नाही. मोठ्या याद्यांवर वेळ जातो आणि स्कीमा हातानं लिहिलात तर तिसरी प्रत तयार होते.

राहिला तो जुना वाद, जो तुमच्या टीममध्येही होणार: जनरेट केलेली फाइल गिटमध्ये ठेवायची की नाही? "जनरेटेड गोष्ट कमिट करत नाहीत, बिल्डच्या वेळी स्टेजिंगवरून स्पेक ओढा" असं ठासून सांगणारा एकजण प्रत्येक टीममध्ये असतो. ऐकायला शुद्ध वाटतं. मग तीन आठवड्यांपूर्वीच्या रिलीजवर तातडीचा हॉटफिक्स करायची वेळ येते. जुना टॅग चेकआउट करता, बिल्ड चालवता, आणि स्पेक येते आजच्या स्टेजिंगची. जुना कोड, नवे टाइप. एकतर ज्या ओळींना तुम्ही हातही लावला नाही तिथे चाळीस एरर येतात, नाहीतर त्याहून वाईट, सगळं कंपाइल होतं आणि प्रॉडक्शनवर जे फील्ड अजून पोचलेलंच नाही ते कोड वाचायला जातो. आणि स्टेजिंग बंद असेल तर बिल्डच नाही. लिस्ट2()चा घोळही असाच बिल्डच्या वेळी जनरेट झालेल्या क्लायंटमध्ये लपला होता. फाइल गिटमध्ये असती तर लिस्ट2() पुढचा पाथ कस्टमर्सचा व्हेंडर्स झालेला डिफमध्ये एका ओळीत दिसला असता.

समोरच्याचं एक म्हणणं खरं आहे: पुल रिक्वेस्ट फुगते आणि मर्जच्या वेळी त्या फाइलीत कॉन्फ्लिक्ट येतात. फुगण्यावर .गिटअ‍ॅट्रिब्यूट्समध्ये लिंग्विस्ट-जनरेटेड लिहा, गिटहब तो भाग मिटून दाखवतो. पण ते फक्त .डी.टीएसला लावा, ओपनएपीआय.जेसन उघडीच राहू द्या; रिव्ह्यू करणाऱ्यानं ती वाचलीच पाहिजे. ईएसलिंट आणि प्रेटिअरला मात्र दोन्ही फाइली वगळायला सांगा. आणि कॉन्फ्लिक्ट आला तर हातानं सोडवत बसू नका. फ्रंटएंड रेपोत ओपनएपीआय.जेसन बॅकएंडच्या मेनवरची जशीच्या तशी आणा, .डी.टीएस डिलीट करून पुन्हा जनरेट करा, कमिट करा.